मसुदा निघाला, आता मोजून तीस दिवस: वाहन नियमांवर दुचाकीस्वारांनी हरकती-सूचना कशा द्यायच्या

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत दगावली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. मृतांमध्ये ज्यांचा वाटा सगळ्यांत मोठा, त्यांचं म्हणणं नियम ठरताना कागदावर यायलाच हवं. प्रत्यक्षात दुचाकीस्वार बोलतो ते नियम लागू झाल्यावर, सिग्नलला, समोरच्या हवालदाराशी. त्या हवालदाराकडे चलन फाडायचं यंत्र असतं. नियमातला एक शब्दही बदलायचा अधिकार नसतो.

नियम बदलायची वेळ त्याच्या खूप आधी येऊन गेलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २१२ नुसार या कायद्याखालचे नियम 'पूर्वप्रसिद्धी' करूनच बनवावे लागतात. पूर्वप्रसिद्धी म्हणजे काय हे सामान्य वाक्खंड अधिनियम, १८९७ चं कलम २३ सांगतं: मसुदा छापायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेणार हे जाहीर करायचं, आणि त्या तारखेपूर्वी कोणत्याही व्यक्तीकडून आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्या. 'कोणत्याही व्यक्तीकडून' हे शब्द नीट लक्षात ठेवा. संघटना नको, लेटरहेड नको, वकील नको. लायसन्स आहे की नाही हेही कुणी विचारत नाही.

पहिल्यांदाच हे करायला बसणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

१. आधी कागद हातात घ्या

जून २०२५ मध्ये 'राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींना टोल लागणार' ही बातमी व्हॉट्सॲपवर वणव्यासारखी पसरली. निषेधाचे मजकूर तयार झाले, फिरले. २६ जूनला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी असा कोणताही निर्णय नसल्याचं जाहीर केलं आणि विषय संपला. त्या सगळ्या मजकुरांत अधिसूचनेचा क्रमांक नव्हता, कारण अधिसूचनाच नव्हती. म्हणून पहिला नियम साधा आहे: क्रमांक आणि तारीख असलेला कागद मिळेपर्यंत काहीही लिहायचं नाही, पुढेही पाठवायचं नाही.

केंद्राचा मसुदा भारताच्या राजपत्रात येतो, आणि ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर तो फुकट उतरवता येतो. शोधताना 'असाधारण' राजपत्र निवडा, भाग दोन, खंड ३, उपखंड (एक). मंत्रालयाचे नियम इथे छापले जातात आणि त्यांना जी.एस.आर. क्रमांक असतो. पीडीएफचा पहिला भाग हिंदीत असतो, तिथे हाच क्रमांक 'सा.का.नि.' असा दिसतो. क्रमांकापुढचं कंसातलं 'ई' किंवा 'अ' म्हणजे असाधारण. एस.ओ. किंवा 'का.आ.' असा क्रमांक असेल तर तो बहुधा आदेश किंवा अधिसूचना असतो, उदाहरणार्थ वेगमर्यादेची, आणि तो उपखंड (दोन) मध्ये सापडतो. राज्याचे नियम महाराष्ट्र शासन राजपत्रात येतात. शासन निर्णय म्हणजे जीआर ही वेगळी गोष्ट आहे; जीआर हाती आला म्हणजे नियम हाती आला असं समजू नका.

मसुदा उघडला की नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण त्यात पूर्ण नियम नसतो. 'अमुक नियमात, तमुक पोटनियमात, या खंडाऐवजी पुढील खंड दाखल करावा' एवढंच असतं. त्यामुळे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ची अद्ययावत प्रत शेजारी उघडी पाहिजे. अद्ययावत आहे की नाही हे तपासायची सोय मसुद्यातच असते: शेवटी एक टीप असते, मूळ नियम जी.एस.आर. ५९० (ई), दिनांक २ जून १९८९ अन्वये प्रसिद्ध झाले आणि शेवटची सुधारणा अमुक क्रमांकाने झाली. तुमच्या प्रतीत ती शेवटची सुधारणा आलेली नसेल तर ती प्रत बाजूला ठेवा. जुन्या मजकुरावर घेतलेली हरकत पहिल्या वाचनातच बाद होते.

मग तीन गोष्टींखाली रेघ मारा. मसुदा कायद्याच्या कोणत्या कलमाच्या अधिकारात काढला आहे. कोणता नियम, पोटनियम, खंड बदलतो आहे. आणि लागू कधी होणार, कोणाला. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त अफवा उठतात. 'अमुक तारखेला व त्यानंतर उत्पादित' असं लिहिलेलं असेल तर तुमच्या दारातल्या जुन्या गाडीला तो नियम लागत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम सुरू राहणं बंधनकारक झालं ते याच पद्धतीने. त्याआधीच्या गाड्यांचं बटण कुणी काढायला लावलं नाही.

२. कोणाच्या टेबलावर जायचं ते ठरवा

सगळ्यांत जास्त मेहनत वाया जाते ती इथे. आरटीओसमोर निदर्शनं होतात, निवेदन दिलं जातं, फोटो निघतो, आणि विषय असतो एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. आरटीओ तो कागद फार तर वर पाठवू शकतो.

गाडीची बांधणी, ब्रेक, दिवे, आरसे, सायलेन्सर, गाडीसोबत मिळणारं हेल्मेट: हे सगळं केंद्राकडे आहे, मुख्यतः कायद्याच्या कलम ११० खाली. पत्ता परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली ११०००१. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे आणि कोणत्या ईमेलवर पाठवायचं हे मसुद्यातच लिहिलेलं असतं. जुन्या मसुद्यातून उचलू नका, तेच कॉपी करा जे या मसुद्यात आहे.

हेल्मेटचं मानक मात्र मंत्रालय लिहीत नाही, ते भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएस लिहितं. आयएस ४१५१ हे ते मानक, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. मानकात बदल होतो तेव्हा ब्युरो मसुदा 'वाइड सर्क्युलेशन'साठी संकेतस्थळावर टाकतं आणि त्यावर कुणीही अभिप्राय देऊ शकतं. तसंच, गाड्यांच्या तांत्रिक मानकांचे म्हणजे एआयएसचे मसुदे जी समिती तयार करते, तिचं सचिवालय पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे आहे. मंत्रालयाचा नियम पुष्कळदा 'एआयएस अमुक प्रमाणे' एवढंच म्हणून थांबतो. खरा तपशील त्या मानकात ठरलेला असतो, म्हणून तांत्रिक समज असलेल्यांनी लक्ष तिकडे ठेवावं. तिथे गर्दी कमी असते आणि नेमक्या मुद्द्याला वजन जास्त असतं.

कमाल वेगमर्यादा कलम ११२ खाली केंद्र ठरवतं. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारसायकलसाठी चौपदरी व त्याहून मोठ्या दुभाजक असलेल्या रस्त्यांवर ताशी ८० किमी आणि पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर ६० किमी ही कमाल मर्यादा आहे. राज्य त्यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकतं. पाटीवरचा आकडा कमी दिसला तर त्यामागची राज्याची अधिसूचना मागा, केंद्राशी भांडू नका.

वाहन कर हा राज्याचा विषय: महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८. दंडाचा कमाल आकडा मोटार वाहन कायद्यात असतो, पण जागेवर भरायचं तडजोड शुल्क कलम २०० खाली राज्य ठरवतं. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता केंद्र नियमाने ठरवतं, विमा नियामकाशी सल्लामसलत करून. तिथेही आधी मसुदा येतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १५० ते ३५० सीसी गाडीचा हप्ता १,३६६ रुपये आणि ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये ठरला, तो असाच मसुद्यातून. दर जाहीर झाल्यावर आरडाओरडा झाला. मसुद्याच्या वेळी शांतता होती.

आणि एक फरक पक्का समजून घ्या. नियम कायद्याला ओलांडू शकत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट, हे कलम १२९ मध्ये, म्हणजे खुद्द कायद्यात आहे. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे तीही तिथेच. नियमाच्या मसुद्यावर 'हेल्मेटसक्ती रद्द करा' असं लिहिणं म्हणजे ज्याच्या हातात ते नाहीच त्याला मागणं. ते फक्त संसद करू शकते. शिवाय ती मागणी आम्हाला मुळातच चुकीची वाटते. त्याच २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवाशांच्या मृत्यूची नोंद आहे. हेल्मेटविरोधी आंदोलनांनी दुचाकीस्वारांच्या रास्त मागण्यांची पत घालवली आहे. ती परत मिळवायची असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

३. दिवस मोजा

केंद्राच्या मसुद्याला सहसा तीस दिवस मिळतात आणि मोजणी राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्यापासून होते. तुम्हाला बातमी कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. त्यामुळे बातमी कळल्यापासून विसावा दिवस हीच स्वतःसाठी अंतिम तारीख धरा. पहिले तीन-चार दिवस वाचनाला, दहा दिवस पुराव्यांना, उरलेले मसुदा लिहून दोन-तीन जणांकडून तपासून घ्यायला. एकोणतिसाव्या दिवशी रात्री पाठवलेल्या ईमेलला जोडपत्र उघडत नाही म्हणून कुणी कळवत बसत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज या काळात उपयोगाचा नाही. उत्तराची मुदतच तीस दिवस आहे. तो अर्ज विषय नुसता घाटत असतानाच टाकून ठेवायचा असतो.

४. पुरावा

'सगळ्यांना त्रास होतो' हे वाक्य काढून टाका. त्याजागी काय येईल ते शोधा.

देशपातळीवरचे आकडे मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात मिळतात: वाहनप्रकार, वय, हेल्मेट, रस्त्याचा प्रकार. आकडा लिहिताना अहवालाचं वर्ष आणि तक्त्याचा क्रमांक द्या. स्थानिक विषय असेल तर पोलीस ठाणेनिहाय अपघातांची माहिती मागवावी लागते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, हे विसरल्यामुळे पुष्कळ अर्ज परत येतात. 'बंदी का घातली?' असा प्रश्न विचारू नका. 'बंदीच्या अधिसूचनेची प्रत, तिच्यामागच्या वाहतूक सर्वेक्षणाची प्रत, आणि संबंधित टिपणीची प्रत' अशी कागदपत्रं मागा. कायदा अस्तित्वात असलेली माहिती देतो, कारणमीमांसा लिहून देत नाही.

'ब्लॅक स्पॉट' हा शब्दही जपून वापरा. मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले असतील तरच तो ब्लॅक स्पॉट. तुमची जागा त्यात बसत नसेल तर 'धोकादायक वळण' म्हणा आणि मोजमाप द्या.

५. हरकत लिहिणं

एक मुद्दा, एक परिच्छेद, आणि प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी याच क्रमाने: मसुद्यात काय म्हटलंय, अडचण काय, त्याऐवजी कोणते शब्द हवेत, आधार काय. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि खरा उपयोग तिचाच होतो. फाईल पाहणाऱ्याला तुमची व्यथा पटली तरी ती कायद्याच्या भाषेत उतरवायचं काम त्याच्यावर टाकलंत, तर ते मागे पडतं. शब्द तयार मिळाले तर ते उचलले जाण्याची शक्यता वाढते.

उदाहरण म्हणून जून २०२५ चा मसुदा घेऊ. त्यात दोन गोष्टी होत्या: गाडी विकताना उत्पादकाने एकाऐवजी दोन हेल्मेट द्यावीत, आणि १ जानेवारी २०२६ पासून उत्पादित होणाऱ्या एल-२ वर्गातल्या, म्हणजे मोपेड सोडून जवळपास सगळ्या, दुचाकींना एबीएस असावं. (१२५ सीसीवरच्या गाड्यांना ते २०१९ पासून आहेच.) हेल्मेटबद्दलची एक चांगली सूचना अशी दिसली असती:

'नियम १३८, पोटनियम (४), खंड (एफ).
तरतूद: खरेदीच्या वेळी उत्पादकाने बीआयएस मानकाची दोन हेल्मेट पुरवावीत.
अडचण: तरतुदीत मापाचा उल्लेख नाही. विक्रेता एकाच मापाची हेल्मेट देऊ शकतो. सैल हेल्मेट पट्टा लावलेला असूनही आघातात सरकतं. घट्ट हेल्मेट डोकं दुखतं म्हणून घरी राहतं. दोन्ही बाबतीत तरतुदीचा हेतू साधत नाही.
सुचवलेला मजकूर: "दोन हेल्मेट" या शब्दांऐवजी "खरेदीदाराने निवडलेल्या मापांची दोन हेल्मेट" असे शब्द घालावेत.
आधार: हेल्मेटवर माप छापलेलं असतंच, त्यामुळे पडताळणीसाठी वेगळी यंत्रणा लागत नाही.'

बस. यात दोन हेल्मेटना विरोध नाही, किमतीवरून त्रागा नाही. एबीएसबद्दल काही म्हणायचं असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, स्वतंत्र क्रमांकाने. दोन विषय एकत्र गुंफले की टिपणी तयार करणारा दोन्ही तुकडे नीट तोडत बसत नाही.

विरोध नसेल तेव्हाही लिहा. मसुद्यातली एखादी तरतूद चांगली असेल तर 'ही आहे तशी ठेवावी, कारण...' असं लिहून पाठवणं तितकंच मोलाचं आहे. ती काढून टाका म्हणणारे लिहिणारच असतात.

केंद्राला इंग्रजी किंवा हिंदीत, राज्याला मराठीत. लांबी दोन पानांच्या आत. एकच तयार मजकूर हजार जणांनी चिकटवून पाठवण्याचा मोह होतो. तो हजार वेळा आलेला एकच मुद्दा ठरतो. त्यापेक्षा रोज रात्री माल पोचवणारा डिलिव्हरीवाला, लहान मुलाला शाळेत सोडणारी आई, उंची कमी असलेली चालक, दिव्यांग व्यक्तीच्या जुळणीची तीनचाकी स्कूटर चालवणारा, अशा दहा जणांनी आपापल्या वापरातून लिहिलेली दहा पत्रं कितीतरी जास्त उपयोगी पडतात. अशा पत्रांमुळे दिल्लीतल्या टेबलावर रस्ता पोचतो.

६. पाठवणं आणि पुरावा ठेवणं

ईमेलच्या विषयात जी.एस.आर. क्रमांक आणि तारीख. मजकूर ईमेलमध्येही आणि पीडीएफमध्येही. फोटो आठ-दहा एमबीचे जोडू नका. चार निवडक, छोटे करून, त्यावर जागा आणि तारीख. शेवटी पूर्ण नाव, पत्ता, फोन. तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पावती जपा. राज्याचा विषय असेल तर परिवहन आयुक्त कार्यालयात किंवा मसुद्यात दिलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या शिक्क्यावर आणि पावतीवर उभ्या राहतात.

७. अंतिम नियम आल्यावर

अंतिम अधिसूचनेच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं: आलेल्या हरकती-सूचनांचा विचार केला, किंवा कोणतीही हरकत आली नाही. हे वाक्य आधी वाचा. तुम्ही पाठवूनही 'हरकत आली नाही' असं छापलं असेल तर पावती काढा. तो गंभीर मुद्दा आहे. विचार केला असं म्हटलं असेल तर आलेल्या हरकतींचा गोषवारा आणि त्यावरच्या शेऱ्यांची प्रत माहिती अधिकारात मागता येते. निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत असं त्या कायद्याचं कलम ४(१)(घ) सांगतंच.

मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहा. लहान मुलांच्या नियमाचं उदाहरण बघा. मसुदा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, अंतिम नियम १५ फेब्रुवारी २०२२ ला: चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किमीपेक्षा जास्त नाही. लागू व्हायला एक वर्ष ठेवलं गेलं. अशा मधल्या वर्षातही काम असतं: योग्य मापाची लहान हेल्मेट बाजारात आहेत का, पट्ट्याचं मानक ठरलं का, पोलिसांना सूचना गेल्या का. यावर लेखी विचारणा करणारे फार थोडे असतात.

अंतिम नियमही संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावा लागतो आणि सभागृहं त्यात बदल करू शकतात. तुमच्या खासदाराला 'आवाज उठवा' असं सांगू नका, तयार प्रश्न द्या: क्रमांकित, उपप्रश्नांसह, अर्ध्या पानाचा. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच पोचा. याशिवाय दोन्ही सभागृहांत अशा नियमांची छाननी करणारी समिती असते, तिलाही लिहिता येतं. राज्याचे नियम असेच विधिमंडळापुढे जातात.

रस्त्यावरची बंदी आणि गतिरोधक

नवख्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. काम लहान असतं, टेबल जवळ असतं, आणि फळ डोळ्यांनी दिसतं.

एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर दुचाकींना बंदी असेल तर आधी अधिकार कोणता ते पाहा. कलम ११५ खाली बंदी महिन्याहून जास्त काळ चालणार असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते, आणि कलम ११६ प्रमाणे पाट्या लावाव्या लागतात. महिन्याच्या आतली असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यामुळे 'तात्पुरती' म्हणून सुरू झालेली बंदी महिनोन्‌महिने चालली असेल, तर पहिला प्रश्न अधिसूचनेच्या प्रतीचा. राष्ट्रीय महामार्गांसाठी वेगळा कायदा आहे, राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियम, २००२. बंगळूरु-म्हैसूरु द्रुतगती मार्गावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी बंद झाल्या त्या महामार्ग प्राधिकरणाच्या अधिसूचनेने. तिथे पोलीस आयुक्तांना निवेदन देऊन काही होणार नाही. बंदी उठवा म्हणण्याआधी पर्यायी रस्ता स्वतः चालवून पाहा: अंतर किती वाढतं, दिवे आहेत का, साइडपट्टी कशी आहे. बंदी सुरक्षेसाठी आहे असं सांगितलं जातं. तेव्हा पर्यायी रस्ता जास्त धोकादायक आहे हे मोजून दाखवता आलं तर तोच सगळ्यांत भक्कम युक्तिवाद.

गतिरोधकाला तर टेपच पुरे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मधला नेहमीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो आणि ताशी २५ किमी वेगाने ओलांडता येईल असा आखलेला असतो. त्यावर रंगाचे पट्टे आणि ४० मीटर आधी पाटी. आता आपल्या गल्लीतला मोजा. अर्ध्या मीटरात पंधरा सेंटिमीटर चढणारा डांबराचा उंचवटा, पट्टे नाहीत, पाटी नाही: रात्री पावसात पुढचं चाक हवेत जातं, मागे बसलेली व्यक्ती उडते, आणि स्कूटरच्या लहान चाकांना तो आणखी जोरात लागतो. मोजताना सरळ काठी रस्त्याच्या लांबीच्या दिशेने उंचवट्यावर टेकवा, पातळी धरा, दोन्ही टोकांना जमिनीपासून उंची घ्या, टेप दिसेल असा फोटो काढा. पत्रात तीन ओळी पुरतात: असायला हवं ते माप, आहे ते माप, आणि मागणी.

हे पत्र रस्ता ज्याचा त्याला: महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की महामार्ग प्राधिकरण, हे आधी शोधा. प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. या समितीची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये आहे, आणि पोलीस, परिवहन, बांधकाम हे सगळे तिथे एकाच टेबलाभोवती बसतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ पत्रात जरूर नमूद करा: रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अपघात होण्याआधी दिलेलं, शिक्का असलेलं पत्र अशा वेळी फार बोलतं.

मॉडिफिकेशनबद्दल

'आमच्या गाडीत आम्ही काहीही बदलू' ही मागणी घेऊन येणारे बरेच असतात. त्यांनी कलम ५२ वाचावं. आरसी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे स्पष्ट केलं. कलम १८२-अ(४) खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नियम १११ पुढे स्पॉटलाइट लावायला मनाई करतो. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरची बाजू घेऊ नका. आवाजाच्या मानकांचा भंग कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत जातो, आणि शेजारपाजारची सहानुभूती त्याआधीच गेलेली असते.

इथेही रास्त मागणी आहे, ती नेमकी मांडा. दुचाकींसाठी ७५, ७७ आणि ८० डेसिबलच्या मर्यादा (८० सीसीपर्यंत, १७५ पर्यंत, त्यापुढे) या उत्पादनाच्या टप्प्यावरच्या, धावत्या गाडीच्या ठरावीक चाचणीसाठी आहेत. रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीजवळ यंत्र धरून त्याच आकड्यांशी तुलना केली जात असेल, तर कोणत्या पद्धतीने, किती अंतरावरून, इंजिनाच्या किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) मोजलं हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. सामानाच्या पेट्या, क्रॅशगार्ड, जादा दिवे यांसाठी मोजता येतील अशा मर्यादा मागणं ही योग्य दिशा: हँडलच्या रुंदीबाहेर किती, वजन किती, दिवा किती उंचीवर.

संघटना, रॅली, कोर्ट

दोन-तीन मसुद्यांवर एकत्र काम केल्यानंतर संस्था नोंदवायचा विचार करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सदस्य लागतात, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी करावी लागते, आणि मग दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं. कामाला लागायला हे काहीच आवश्यक नाही.

रॅली काढायचीच असेल तर स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखा यांची लेखी परवानगी आधी. शहरांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे जमावबंदीचे आदेश बरेचदा लागू असतात. चालक आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट, मूळ सायलेन्सर, एका रांगेत. हेल्मेट नसलेला एकच चेहरा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो, मागणी नाही. रॅलीच्या शेवटी द्यायचं निवेदन चार गोष्टींच्या त्याच साच्यात लिहा.

उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जाता येतं, पण शेवटी. राजपत्रात नियम छापला गेला की तो रीतसर बनवला गेला याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो, असं सामान्य वाक्खंड अधिनियमाचं तेच कलम २३ म्हणतं. त्यामुळे 'आम्हाला विचारलंच नाही' एवढ्यावर नियम सहसा पडत नाही. नियम कायद्याच्या बाहेर जातो, किंवा मनमानी आहे, हे दाखवावं लागतं. वकिलाकडे जाताना फाईल या क्रमाने लावा: मसुदा, तुमची हरकत, स्पीड पोस्टाची पावती किंवा आवक शिक्का, अंतिम अधिसूचना, माहिती अधिकारातली उत्तरं, मोजमापं आणि फोटो. 'आधी शासनाकडे मागणी केली होती का?' हा प्रश्न पहिल्याच तारखेला येतो, तेव्हा ती पावती फाईलच्या तिसऱ्या पानावर सापडली पाहिजे.